बांधावरचा लाल मुरूम

मुलांनो, गेल्या उन्हाळ्यात तुम्ही स्कॉटलंडच्या त्या लांबच्या टोकावर आठ दिवस राहून आलात, तिथले फोटो मी बरेचदा उघडून पाहते. तिन्ही बाजूंना समुद्र, मधे खडक आणि गवत, छप्पर नसलेली दगडी घरं, आणि त्या घरांतली माणसं का निघून गेली ते सांगणारी एक पाटी. धाकटीने फोटोखाली विचारलं होतं, "आजी, तुझ्याकडे असं टोक आहे का?"

आहे. तुमच्या आजोबांचं गाव तसंच आहे. पेणहून सुटणारी एसटी खारेपाटातल्या शेवटच्या थांब्यावर सोडते, तिथून बांधावरून पाऊण तास चालायचं. एका हाताला एक खाडी, दुसऱ्या हाताला दुसरी, आणि पुढे दोघी एकमेकींना मिळतात. मधली लांब जीभ म्हणजे आपलं गाव. खडक औषधालाही नाही. सगळा काळा चिखल, आणि उन्हाळ्यात त्याच चिखलाला पडलेल्या हात हात खोल भेगा.

तुमच्या टोकावरची जमीन समुद्राच्या वर आहे. आपली समुद्राच्या खाली आहे. उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीला, बांधाबाहेरचं पाणी आतल्या शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर असतं. आत भाताची शेतं, घरं आणि पिण्याच्या पाण्याचं एकुलतं एक तळं. दोन्हीच्या मधे फक्त मातीचा बांध.

आपल्या घरात सांगतात की हा बांध आपल्या पूर्वजांनी घातला. लग्न होऊन आले तेव्हा मीही लोकांना तसंच सांगायचे. खरं तर पूर्वजांनी हुकूम दिला आणि धान्य दिलं. चिखल उचलला तो इथल्या शेतकऱ्यांच्या पणजोबांनी. पलीकडच्या काठावरही एक गाव होतं. तिथला बांध फुटला. पहिल्या वर्षी कुणी बुजवला नाही, दुसऱ्या वर्षी बुजवता आला नाही. आता तिथे तिवरांचं रान आहे, आणि ओहोटीला एका विहिरीचा कठडा तेवढा दिसतो. तिथे पाटी कुणी लावलेली नाही.

उन्हाळा हा टोकावरचा सगळ्यात कामाचा काळ. अंगणात पोह्याचे पापड वाळतात, दोरीवर वाकट्या, म्हणजे पट्टीसारखे लांब मासे, वाळतात, वाल निवडून डब्यात जातो. ओहोटीला बायका गुडघाभर चिखलात उतरून निवटे पकडतात. निवटा म्हणजे चिखलावर उड्या मारणारा बोटभर मासा. तो हातातून निसटला की बाकीच्या जणी त्या बाईला दिवसभर सोडत नाहीत. पण या सगळ्यात मोठं काम म्हणजे बांधाची डागडुजी. तिला आंबेमाती म्हणतात. आंब्याच्या दिवसांत घालायची माती म्हणून आंबेमाती, असं मला माझ्या सासऱ्यांनी सांगितलं होतं, खरंखोटं माहीत नाही. बांधाच्या आत ज्याची जमीन, त्या प्रत्येक घराने या कामाला एक माणूस द्यायचा. या एकत्र कामाला जोळ म्हणतात. आम्ही पेणला राहायला आल्यापासून आपल्या दोन्ही घरांच्या वतीने माझी धाकटी जाऊ एकटीच जोळात उभी राहते. तुमचे धाकटे आजोबा गेल्यापासून शेतही तीच कसते.

आता मुरुमाचं सांगते. तुमच्या बाबांना मी फोनवर यातलं अर्धंच सांगितलं होतं.

तुम्ही गेल्या वर्षी मे महिन्यात येणार असं ठरलं होतं. बांधाचा माथा जेमतेम पाऊलभर रुंद, ढेकळांनी भरलेला, कडेला मारांडीची काटेरी झुडपं. मला तुम्हाला दोन्ही खाड्या मिळतात तिथपर्यंत न्यायचं होतं, आणि तुमच्या पांढऱ्या बुटांचे फोटो मी पाहिले होते. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. वह्यांना समास हवा आणि रांग सरळ हवी, ही माझी सवय. जानेवारीत मी कागदावर आराखडा काढला, एक ठेकेदार गाठला आणि आपल्या शेतापुढच्या सत्तर पावलांत बांधावर वाट करून घेतली. झुडपं काढली, बांधाचा खांदा तासून रुंद केला, त्यात डोंगराचा लाल मुरूम भरला आणि वरून रोलर फिरवला. वाट फार देखणी झाली. तिचा फोटो मी तुम्हाला पाठवला होता.

चार दिवसांनी मला एक फोन आला. गावातले एक म्हातारे शेतकरी जोळाचे म्होरके आहेत. मी त्यांना दादा म्हणते आणि ते मला, शाळेमुळे, बाई.

"बाई, बांधावर लाल माती टाकलीत ती कुनाला इचारून?"

"घरात विचारून, दादा," मी म्हणाले. "जाऊबाई हो म्हणाली, म्हणूनच केलं."

"ती व्हय बोलली?"

"हो."

"बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी जाऊला विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात ती रोह्याला भावाकडे गेली होती, आणि ती नसताना काम उरकलं तर बोलणी टळतील, असं मी मनात धरलं होतं. फोनवरचं ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की संध्याकाळपर्यंत मी ते विसरूनही गेले. जाऊ मला पुढे एवढंच म्हणाली, "ताई, वाट केलीत वाटतं." मी म्हणाले, "मुलं येणार आहेत ना."

एप्रिलमध्ये तुमच्या बाबांची रजा रद्द झाली आणि तुमचं येणं राहिलं.

मे महिन्यात अमावास्येच्या आदल्या दिवशी मी पापडांसाठी गावी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला जाऊने मला हलवून उठवलं. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत काळे झाले होते.

"उठा. शेतात पानी आलंय."

बांधाला लागून आपलं दीड एकराचं शेत आहे. त्या टोकावरचं सगळ्यात चांगलं भात त्यात येतं आणि जाऊचं वर्ष त्यावर निघतं. कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीवर बांधापासून शेताच्या मध्यापर्यंत एक चकचकीत ओला पट्टा पसरला होता. रात्रीची भरती तिथून आत आली होती. आता ओहोटी असल्यामुळे वाहणं थांबलं होतं आणि भोक उघडं दिसत होतं. ते नेमकं लाल माती संपून काळी सुरू होते त्या सांध्यात होतं. दादा आधीच येऊन पोटावर पालथे पडले होते. त्यांनी भोकात हात घातला. तो खांद्यापर्यंत आत गेला.

"आरपार हाय," ते म्हणाले.

मी पेणहून येताना भरतीचं वेळापत्रक छापून आणलं होतं. मी ते पिशवीतून काढू लागले तेव्हा दादा हात पुसत म्हणाले, "कागद ऱ्हाऊ दे, बाई. आज अमावास. साडेबाराला भरनार. धा वाजता बांधाच्या पायाला लागंल. उद्याचं पानी आजच्यापेक्षा मोठं, परवाचं त्याच्याहून मोठं. आज धरला तर धरला."

तीन-साडेतीन तास हातात होते. जोळाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप गेला. तरणी माणसं कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलेली, काही पेणला, काही रोह्याच्या बाजूला. एकोणीस माणसं आली, त्यात बारा बायका. दोघांनी खाडीच्या उघड्या पात्रात उतरून फावड्याने काळ्या मातीची ढेकळं कापायची आणि बाकीच्यांनी ओळीत उभं राहून हातोहात पुढे द्यायची. मी साडी खोचून ओळीत शिरले. पहिलं ढेकूळ हातात आलं आणि मी वाकलेच. भिजलेल्या कणकेच्या मोठ्या गोळ्यासारखं, पण वजन दगडाचं.

माझ्या शेजारच्या बाईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाई, ह्याला इंग्लिशमंदी काय बोलतात?"

"क्ले," मी म्हणाले.

"मंग क्ले द्या पुढं. वर्ग नंतर घ्या."

सगळे हसले. तेवढंच त्या दिवशीचं हसणं.

भोकात पहिली पंधरा-वीस ढेकळं ठासली. दादांनी वर उभं राहून पायाने तुडवली. काळी माती काळ्या मातीला धरत होती, पण लाल बाजूने ती घसरून खाली येत होती, पुन्हा पुन्हा. रोलरमुळे मुरूम वरून कडक झाला होता आणि खाली भुसभुशीत होता. त्याच्या आणि चिखलाच्या मधे कुठेही पाणी शिरू शकत होतं.

"ही माती ह्या मातीशी बोलत नाय," दादा म्हणाले. "सगला मुरूम काढाया लागंल."

सत्तर पावलांचा मुरूम. पहार, टिकाव, घमेली, जे हाती लागलं ते घेऊन आम्ही खणायला लागलो. माझ्या तळहातांची सालं गेली ते मला तेव्हा कळलं नाही. कुणी मला काही बोललं नाही, पण बायका जाऊच्या बाजूला एखादा शब्द टाकून जात होत्या.

"घातलास ना गो लाल गालिचा. ये, चाल आता त्याच्यावर."

"पाव्हने येनार होते हिच्याकडं, इलायतचे."

जाऊ खाली मान घालून खणत होती. तेव्हा मला समजलं की जानेवारीपासून ती हे ऐकत आली आहे. माझ्या एका वाक्यामुळे. आणि तरीही मी टिकाव चालवत राहिले. आत्ता कामाची घाई आहे, मग बोलता येईल, असं मी स्वतःला सांगितलं.

दादांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली होती. साडेनऊला काठीचा पाय भिजला. पावणेदहाला ती अर्धी पाण्यात होती. मुरूम निम्मासुद्धा निघाला नव्हता. ढेकळं कापायची खाडीतली जागा पाण्याखाली गेली आणि फावडंवाले वर चढून आले.

दादा बांधावर उकिडवे बसले. त्यांनी एकदा बाहेर पाहिलं, एकदा आत.

"बाहेरचा ऱ्हात नाय," ते म्हणाले. "मधला उचला."

मधला म्हणजे आपल्या दीड एकराच्या मागचा गुडघाभर उंचीचा बांध. तो कमरेएवढा उंच केला तर पाणी आपल्या शेतात अडेल आणि मागची सगळी शेतं आणि तळं वाचेल. आपलं शेत मात्र खाडीला द्यावं लागेल. त्यासाठी माती लागणार तीही आपल्याच शेतातली, त्या ओल्या पट्ट्यातली.

इथे एक रीत आहे. ज्याचं शेत सोडायचं, त्यानेच मधल्या बांधावर पहिलं ढेकूळ ठेवायचं. त्याने ठेवल्याशिवाय बाकीच्यांनी मातीला हात लावायचा नाही. भांडणं, कोर्टकचेऱ्या टाळण्यासाठी कुणीतरी केव्हातरी शहाणपणाने घालून दिलेली असावी. सगळे मधल्या बांधापाशी जाऊन उभे राहिले. सातबाऱ्यावर पहिलं नाव माझं आहे. चूकही माझी होती. मी वाकले, दोन्ही हातांनी ढेकूळ उचललं.

"तुमी नाय, बाई," दादा म्हणाले.

"सातबाऱ्यावर माझं नाव आहे, दादा."

"नाव तुमचं हाय. शेत ती कसते."

मी ढेकूळ हातात घेऊन तशीच उभी राहिले. सगळे जाऊकडे पाहत होते. ती शेतात, ओल्या पट्ट्याच्या कडेला बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. तिने कुणाकडे पाहिलं नाही. बाहेर पाणी चढत होतं. भोकातून आधी ठिबक आणि मग बोटाएवढी धार सुरू झाली, तिचा आवाज येऊ लागला.

"ऊठ गो," ओळीत माझ्या शेजारी होती ती बाई आता हलक्या आवाजात म्हणाली. "तल्यात पानी गेलं तर पोरांना काय पाजू?"

जाऊ उठली नाही. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, शेत देते मी. नाय म्हणत नाय. पण आधी सगल्यांना सांगा, वाटेला हो कोण बोललं."

ढेकूळ हातात तसंच धरून मी सगळ्यांकडे वळले.

"मी हिला विचारलं नव्हतं," मी म्हणाले. "ती रोह्याला होती. ती हो म्हणाली असं मी दादांना खोटं सांगितलं. मुरूम माझा आहे."

दादांनी मान हलवली, आश्चर्य वाटल्यासारखी नव्हे, हिशेब जुळल्यासारखी. जाऊ उठली. तिने माझ्या हातातलं ढेकूळ घेतलं नाही. वाकून स्वतःचं दुसरं उचललं, मधल्या बांधावर ठेवलं आणि टाचेने दाबलं.

मग जे काम झालं ते मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. एकोणीस माणसं आणि मी, शेतातला ओला चिखल उपसून मागे टाकत होतो. जाऊ सगळ्यांच्या पुढे होती. स्वतःच्या शेताची माती ती अशी कापत होती की दोन माणसांना ती पुढे पोचवणं जमेना. अकराला बाहेरचा बांध सुटला. आवाज मोठा झाला नाही. आधी मुरूम निघाला. आत येणारं पाणी सुरुवातीला लाल होतं, मग गढूळ, मग काळं. बांध फुटून पडलेल्या भगदाडाला इथे खांड म्हणतात. ती आमच्या डोळ्यांसमोर दाराएवढी झाली, मग बैलगाडी जाईल एवढी.

आम्ही मधल्या बांधावर खांद्याला खांदा लावून उभे राहिलो, कारण तुडवत राहिलं तरच ओली माती बसते. पाणी शेतभर पसरलं, घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, मांडीएवढं. बांधाच्या माथ्यापासून चार बोटं खाली आलं, तीन बोटं. एका जागी ते पलीकडे झिरपलं आणि दोन बायका तिथे सरळ पाठ टेकून बसल्या. चिखल आणेपर्यंत त्यांच्या पाठीनेच पाणी अडवलं. कुणी घड्याळ पाहत नव्हतं. दादा पाण्यावर तरंगणाऱ्या एका काटकीकडे पाहत होते. ती बराच वेळ आमच्या बाजूला सरकत आली, मग एका जागी फिरत राहिली, आणि मग अगदी हळू खांडीकडे निघाली.

"फिरलं," दादा म्हणाले, आणि खाली बसले.

तळं वाचलं. मागची सगळी शेतं वाचली. पुढच्या दोन दिवसांच्या मोठ्या भरत्यांसाठी आम्ही मधला बांध आणखी हातभर उचलला. पुढच्या आठवड्यात भरती लहान झाली तेव्हा पूर्ण जोळाने खांड बांधली आणि मुरुमाचा शेवटचा खडासुद्धा वेचून काढला. सत्तर पावलांत आता पुन्हा पाऊलभर माथा आहे, ढेकळांचा.

जाऊ माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. जेवायला वाढत होती, आंघोळीचं पाणी काढत होती, पण बोलली नाही. मी पेणला परत जावं की न जावं ते मला ठरवता येईना, म्हणून राहिले. नवव्या दिवशी ती म्हणाली, "पापड राहिलेत. पीठ मळता का?" पहिल्या पावसाळ्यात शेत नुसतं पावसाच्या पाण्याने भरून ठेवायचं आणि सोडून द्यायचं, म्हणजे मीठ उतरतं. तसं केलं. तिचं त्या वर्षीचं भात आलं नाही. मी माझ्याकडचं देऊ केलं तेव्हा तिने घेतलं, पण घेताना माझ्याकडे पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेले होते. सकाळी आम्ही दोघी शेतात गेलो. जमिनीवर पांढुरकी कड धरली आहे, बांधाजवळ जास्त, मागे कमी. जाऊने मधोमध बसून बोटभर खोल उकरलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थोडा वेळ थांबली आणि थुंकली. मग तिने दुसरी चिमूट उचलून माझ्यापुढे धरली.

"बघा."

मी ठेवली जिभेवर. माती खारट होती. कडू नव्हती, पण खारट होती.

"या पावसाला राता टाकून बघू," ती म्हणाली. राता म्हणजे खाऱ्या जमिनीतही तग धरणारं लाल भात. "आला तर मूठभर येईल. नाय आला तर पुढच्या वर्षी."

"मी आवणीला येते, रोपं लावायला," मी म्हणाले.

"आवणीला कशाला? आंबेमाती मंगळवारपासून आहे. ह्या वर्षी तुमच्या घरचं माणूस तुम्ही द्या. मी माझ्या घरची उभी राहीन."

मंगळवारी मी पहिली एसटी पकडली. ओळीत मला तिच्यापासून तिसरी जागा दिली आहे, उतारावरची, जिथे ढेकूळ वरच्या हातात द्यावं लागतं. दुपारपर्यंत खांदे भरून येतात. बुधवारी आणि गुरुवारीही गेले. अजून चार दिवसांचं काम बाकी आहे, म्हणून हे पत्र घाईत संपवते आहे. उद्याची एसटी सहाला सुटते.